साठीला उघडणारी बरणी

आधीच सांगून टाकते, वरच्या पगाराच्या माणसांना मिळणाऱ्या करसवलतींचा मला राग आहे. तीस टक्के कर भरणाऱ्याने पेन्शन खात्यात शंभर रुपये टाकले की त्याचे तीस रुपये वाचतात. आमच्या संघटनेतल्या कंत्राटी सफाई कामगाराने शंभर टाकले तर एक रुपयाही वाचत नाही, कारण कर भरावा लागेल इतका पगार त्याला कुणी देतच नाही. यावर मी तीन पत्रकं लिहिली. तिन्ही पत्रकांतले आकडे तपासून देणारा माणूस स्वतः तीस टक्केवाला होता, आणि ही सवलत कशी घ्यायची ते अर्ध्या नेरूळला फुकट शिकवत होता. दामोदर घरत. माझे घरमालक.

नेरूळच्या गावठाणात त्यांचं तीन मजली घर आहे. खाली ते आणि काकी, वर आम्ही भाडेकरू मुली. तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत ते अकाउंट्सचे मॅनेजर होते. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशात एक निळं पेन, एक लाल, आणि हातात कायम एक फूटभर लोखंडी पट्टी. काहीही वाचायचं झालं की पट्टी ओळीखाली ठेवायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. लग्नाची पत्रिकाही ते तशीच वाचत. एकदा मी हसले तर म्हणाले, "हस. पट्टी सोडून वाचनाऱ्यांनीच या गावातल्या जमिनी दिल्या."

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "काम काय करतेस?"

"कामगार संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, वाटते."

"पगार?"

"मानधन."

"म्हंजे नाय," ते म्हणाले, आणि भाडं पाचशेने कमी केलं. त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. मी 'पत्रकवाली' झाले.

पहिलं पत्रक मी त्यांना दाखवलं ते मिरवायला. त्यांनी ओट्यावर बसून पट्टी लावली आणि लाल पेन काढलं. "'सरकार कामगारांना लुटतं.' किती लुटतं?"

"काका, ते तसं आकड्यात नसतं. ती भावना आहे."

"भावना घरी ठेव. आकडा दे नायतर वाक्य काढ. आकडा चुकला की पत्रकावर लोक भजी खातात."

मी भांडले. तेव्हा फार भांडायचे. आकडा शोधायला मला तीन दिवस लागले, आणि त्या पत्रकावर कुणी भजी खाल्ली नाहीत हे कबूल करायला हवं.

त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. "पैसा सरकारपासनं वाचवायला अक्कल लागत नाय. आपल्यापासनं वाचवायला लागते." ते स्वतः खिशात दोनशेच्या वर कधी ठेवत नसत. एटीएमचं कार्ड काकींच्या ताब्यात. पैसे हवे असले तर काकींना कारण सांगायचं. काकी कधीकधी मुद्दाम आम्हा मुलींसमोर उलटतपासणी घ्यायच्या. "कशाला पायजे पाचशे?" "चप्पल तुटली." "दाखवा." आणि कंपनीचा मॅनेजर गुपचूप पाय पुढे करायचा.

याचं मूळ एका जीपमध्ये होतं. शहर बसवायला त्यांची भातशेती गेली तेव्हा वडिलांच्या हातात मोबदल्याची रक्कम एकदम आली. घरात तोवर कुणी एवढे पैसे एका जागी पाहिले नव्हते. वडिलांनी पहिल्या आठवड्यात जीप घेतली. चालवता घरात कुणालाच येत नव्हती. ती चिंचेखाली उभी राहिली. गावाने तिच्यासोबत फोटो काढले. मग दोन लग्नं झाली, एक मानपान झाला, एक भागीदार आला आणि गेला. पैसा संपला तेव्हा जीप तिथेच होती, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. "मी बीकॉमचा अभ्यास त्या जीपमधी केला," काका सांगायचे. "म्हंजे शेती गेली ती अगदीच वाया नाय गेली. एका पोराला बसायला जागा झाली." सांगताना हसायचे. पण एकरकमी पैसा हा शब्द कुणी काढला की त्यांचा चेहरा घरात कुणीतरी दारू पिऊन आल्यासारखा व्हायचा.

म्हणून पेन्शन खातं. साठीपर्यंत हात लावता येत नाही, ही ज्या योजनेची अडचण म्हणून लोक सांगतात, तीच काकांच्या लेखी तिची थोरवी होती. कर वाचतो हे वर.

जानेवारीतले रविवार म्हणजे त्यांचा मोसम. कंपन्या कर वाचवल्याचे पुरावे मागायला लागल्या की ओट्यावर माणसं जमायची. कंपनीतली, सोसायट्यांतली, कुणाचा तरी मेहुणा. काका कुणाकडून चहाचेही पैसे घेत नसत. मी जिन्यावर बसून ऐकायचे, टोमणे मारायला.

कदम मॅडमना मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. कंपनीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मूळच्या कराडकडच्या, नवरा अकाली गेलेला, एक मुलगी. विमानतळ होणार म्हणून उलव्यात फ्लॅट घेतला होता आणि पगाराचा मोठा घास त्या हप्त्यात जायचा. शिवाय वरच्या पगारावर तीस टक्के कर. त्या वैतागून म्हणाल्या, "घरतसाहेब, मी राबते कुणासाठी तेच कळेनासं झालंय बघा."

काकांनी काकींना हाक मारली आणि सुक्या बोंबलांची बरणी मागवली. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून दहा बोंबील ओळीने मांडले.

"हे तुमचे वरचे दहा रुपये. बरोबर? यातले तीन मांजर नेतं." तीन बाजूला सरकवले. गावठाणातलं खरं मांजर तेवढ्यात पायरीवर येऊन बसलं, तेव्हा सगळे हसले. "आता बगा. हे दहा मांजराला दिसायच्या आधी बरनीत टाकले." दहाही बोंबील बरणीत. झाकण लावलं. "दहाच्या दहा तुमचे. अट एकच. बरनी साठीला उघडते."

"आणि मधेच भूक लागली तर?" मॅडमनी विचारलं.

"आजारपन आलं, पोरीचं शिक्षन आलं, तर चौथा हिस्सा काडता येतो. चार दिवसांत खात्यात."

"नक्की ना?"

"मी हाय ना," काका म्हणाले.

मी जिन्यावरून म्हटलं, "काका, आणि ज्याच्याकडे बोंबीलच नाहीत त्याने काय टाकायचं बरणीत?"

"तुज्या सोलापुरात बोंबील मिळत नायत, म्हनून तुला राग," ते म्हणाले. लोक हसले. मग ते माझ्याकडे वळले आणि गंभीरपणे बोलले, "तुजं बरोबर हाय, पत्रकवाली. झाडूवाल्याला या बरनीचा फायदा नाय. अन्याय हाय. तू ते छाप, आकडे मी बगतो. पन म्हनून या बाईचे तीन बोंबील मी मांजराला घालू का?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

आता यातली एक बारकी गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या खात्यात पैसे दोन वाटांनी जातात. एक, आपण आपल्या खिशातून टाकलेला स्वतःचा हिस्सा. दुसरा, कंपनीने आपल्यासाठी टाकलेला कंपनीचा हिस्सा. नवी करप्रणाली आली आणि स्वतःच्या हिश्श्यावरची सूट तिच्यात राहिली नाही, कंपनीच्या हिश्श्यावरची राहिली. मग काकांनी सरळ मार्ग काढला. पगाराची मांडणी बदलायची, भत्त्यांतले पैसे कमी करून तेवढीच रक्कम कंपनीच्या हिश्श्यात दाखवायची. पैसा कर्मचाऱ्याचाच, वाट कंपनीची. कायद्यात बसत होतं. कर वाचत होता. कदम मॅडमचं खातं त्यांनी त्याच वर्षी उघडून दिलं. अर्ज स्वतः भरला. स्वतःच्या हिश्श्याच्या रकान्यात खातं सुरू करायला लागणारे एक हजार. पुढचं सगळं कंपनीच्या रकान्यात.

चार-पाच वर्षं बरी गेली. मॅडम दर जानेवारीत पेढे घेऊन यायच्या. खात्यात सात लाखांवर जमले होते. काकींना म्हणायच्या, "तुमच्या बोंबलांना पिल्लं झाली हो."

मग उलव्याकडून येताना श्रावणीच्या स्कूटीला कंटेनरच्या ट्रेलरने घासलं. श्रावणी म्हणजे मॅडमची मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची. पायावरून चाक गेलं नाही, पण गुडघ्याखाली जे झालं ते मी इथे लिहीत नाही. दोन ऑपरेशनं झाली. कंपनीच्या विम्याची मर्यादा संपली. जखम चिघळली आणि डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलात हलवा, तिथे पाय वाचवायचा प्रयत्न होईल. तिथे आधी अनामत भरायची होती.

मॅडमचा भाऊ कराडहून आला होता. जिल्हा बँकेत सोनं ठेवून पैसे आणतो म्हणाला. त्याला मॅडमनी थांबवलं. मी त्या दिवशी हॉस्पिटलात होते, रक्तदात्यांची यादी घेऊन. माझ्यासमोर त्या म्हणाल्या, "दादा, वहिनीचं सोनं नको गहाण टाकू. माझे स्वतःचे आहेत. घरतसाहेब म्हणालेत, चार दिवसांत येतात."

काकांनी सगळे कागद स्वतः जमवले. डॉक्टरांचं पत्र, अर्ज, सही. सोमवारी अर्ज टाकला. मंगळवारी तो परत आला, सही जुळत नव्हती. बुधवारी पुन्हा टाकला. काका फोनवर सांगत होते, "येनार, येनार. नियमच हाय तसा." गुरुवारी दुपारी ओट्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला. मॅडम शेजारी खुर्चीत, मी पायरीवर. काढता येणारी रक्कम पडद्यावर आली.

अडीचशे रुपये.

काकांना वाटलं, शून्यं दिसत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. मग नियमांचं पान उघडलं, आणि सवयीने पट्टी पडद्यावरच लावली. चौथा हिस्सा मिळतो, बरोबर. पण चौथा हिस्सा फक्त स्वतःच्या हिश्श्याचा. कंपनीच्या हिश्श्याला हात लावता येत नाही. स्वतःचा हिस्सा, एक हजार. त्याचा चौथा भाग, अडीचशे.

"पण ते माझेच पैसे आहेत," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या पगारातले आहेत. तुम्हीच वळवलेत ना?"

"व्हय."

"मग?"

पट्टी त्या ओळीखाली तशीच होती.

"तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना."

नियम त्यांनी वाचलेला होता. पट्टी लावून वाचलेला होता. पण तो वाचला तेव्हा लोक स्वतःच्या खिशातून पैसे टाकत होते, आणि चौथा हिस्सा म्हणजे खरोखरच बऱ्यापैकी रक्कम व्हायची. पुढे कर वाचवायची वाट बदलली. नव्या वाटेचा नियम त्यांनी कर किती वाचतो एवढ्यापुरताच वाचला. पैसे बाहेर कसे येतात ते पान पुन्हा उघडलं नाही. पाठ होतं ना.

नोकरी सोडून खातं मोडायचं म्हटलं तरी हातात पाचवा हिस्सा, उरलेल्याची मासिक पेन्शन, आणि तेही कित्येक आठवड्यांनी. मॅडम उठल्या. भावाला फोन लावत गेटबाहेर गेल्या.

काकी दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. हार, पाटल्या, लग्नातली नथसुद्धा.

"हे नाय," काका म्हणाले. "बँकेकडनं कर्ज काडतो. दोन दिवस..."

"तुमचा कायदा कपाटान ठेवा," काकी म्हणाल्या. "दोन दिवस, दोन दिवस करून चार दिस गेले पोरीचे. उठा."

ज्या माणसाने आयुष्यभर हातात एकदम पैसा घेतला नव्हता, तो त्या दुपारी एका सराफी पेढीवर सोनं गहाण ठेवून नोटांची थप्पी कापडी पिशवीत भरून रिक्षात बसला. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मी सोबत होते. वाटेत काका एकच वाक्य बोलले. "बापसालापन असंच वाटलं असंल."

श्रावणीला शुक्रवारी हलवलं. पाय वाचला नाही. गुडघ्याखालून काढावा लागला.

आमच्या संघटनेतल्या एका परिचारिकेने मला सांगितलं, सोमवारी हलवली असती तरी हेच झालं असतं कदाचित. मी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही." मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "सांगता येत नाय, म्हंजे वाचलाही असता."

मी जे मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आपलाच पैसा, आपला नाही!' आईच्या पगारातून कापलेले सात लाख, मुलगी हॉस्पिटलात, हातात अडीचशे. पैसा कुठल्या वाटेने गेला यावरून तो कुणाचा ते ठरवणारा नियम कुणी लिहिला? त्याला विचारायला कुणाकडे जायचं? मॅडमची परवानगी घेऊन, नावं गाळून लिहिलं होतं. आजवरचं माझं सर्वांत चांगलं पत्रक होतं ते. अजूनही त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटतो.

काकांकडे नेलं. त्यांनी पट्टी लावली. आकडे बघितले. कुठेही लाल खूण केली नाही. शेवटच्या परिच्छेदापाशी आले. तिथे मी लिहिलं होतं, 'या चार दिवसांना हा नियम जबाबदार आहे.' त्यांनी ती ओळ खोडली नाही. तिच्या खाली लाल पेनाने, सावकाश, एक ओळ लिहिली. 'आणि सल्ला देणाऱ्याने नियम पुन्हा वाचला नव्हता.'

"काका, हे नाही घालता येणार."

"का? आकडा चुकला?"

"लोक म्हणतील, मग नियमाचा काय दोष? चूक तुमची म्हणतील आणि विषय संपेल. मुद्दा फुटतो."

"दोनी खरं हाय ना?"

"आहे. पण पत्रकात दोन्ही बसत नाही."

"मग पत्रक ल्हान हाय," ते म्हणाले, आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

ते पत्रक मी छापलं नाही. त्यांची ओळ घालून छापायची हिंमत नव्हती आणि काढून छापायची लाज वाटली. संघटनेतल्या मित्रांनी मला भित्री म्हटलं. म्हणू देत.

पुढचा जानेवारी आला. ओट्यावर कुणी आलं की काका सांगत, "मी सोडलं ते." लोकांना वाटे, वय झालं. कंपनीत मात्र त्यांनी एक काम केलं. ज्यांची ज्यांची खाती त्यांनी वळवली होती, त्या प्रत्येकाच्या टेबलापाशी स्वतः गेले. एकेकाला तो नियम वाचून दाखवला आणि विचारलं, "घरात कोन कोन हाय? उद्या लागले तर दुसरीकडनं येतील का?" काही जण चिडले. एकाने तोंडावर सांगितलं, "आता सांगता होय, साहेब?" ते "व्हय, आता सांगतो" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. हे मला मॅडमनीच सांगितलं. मॅडमनी काकींचं सोनं दोन वर्षांत सोडवून आणून दिलं. बोलायच्या, यायच्याही. पण पेढे पुन्हा आणले नाहीत, आणि काकांना घरतसाहेब म्हणायच्या त्या नुसतं 'साहेब' म्हणायला लागल्या. यातलं काय जास्त झोंबलं ते काकांना ठाऊक.

त्यांची स्वतःची बरणी साठीला उघडली. निवृत्तीच्या दिवशी मी गंमत करायला गेले. "काय काका, आता जीप घेणार?" ते नुसते हसले. किती मिळाले, त्याचं काय केलं, मी विचारलं नाही. पहिल्यांदाच त्यांनीही आकडा सांगितला नाही.

मी ती खोली सोडली गेल्या वर्षी. सामान फारसं नव्हतं, पत्रकांचे गठ्ठेच जास्त. टेम्पो गल्लीत उभा होता. मी काकींच्या पाया पडून बाहेर आले तेव्हा गेटपाशी रिक्षा थांबली. श्रावणी उतरली. कृत्रिम पायाने ती आता बरीच भराभर चालते, पायरी चढताना मात्र आधी कठडा धरते. कदम मॅडम रिक्षातच बसून राहिल्या. मला हात केला.

"काका, नोकरी लागली," श्रावणी म्हणाली. "ऐरोलीला, आयटीत. हा फॉर्म दिलाय. पेन्शनचा. यात कंपनीचा हिस्सा आणि माझा हिस्सा असे दोन रकाने आहेत. आई म्हणाली, काकांना विचार."

काका उभेच होते. माझ्याकडे बघितलं नाही, रिक्षाकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली की नाही ते मला तिथून दिसलं नाही.

"फक्त टिक कुठे करायची तेवढं सांगा ना, काका. आईला पुढे जायचंय."

"बस आधी," ते म्हणाले. आत गेले. चष्मा घालून आणि पट्टी घेऊन बाहेर आले. तिच्या शेजारी बसून फॉर्म मांडीवर ठेवला. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीखाली पट्टी धरली आणि मोठ्याने वाचायला लागले. अर्जदाराने भरण्यापूर्वी वाचाव्यात अशा त्या सूचना, ज्या जगात कुणी वाचत नाही.

"काका, हे सगळं वाचणार?"

"व्हय. तूपन वाच. मी चुकलो तर थांबव."

टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मी चढून बसले. मागे वळून पाहिलं तेव्हा रिक्षातून उतरून कदम मॅडम गेटच्या आत येऊन उभ्या होत्या, आणि काका दुसऱ्या पानावर होते.